दाखवण्यापुरतं बसणं

४ मार्च, मंगळवार

सासूबाई,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण सध्या पाठ वाकत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच घ्या.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. धाकट्या जाऊबाई उचलतात आणि "आई झोपल्यात" म्हणतात. सकाळी झोपल्यात, संध्याकाळीही झोपल्यात. माझ्या घरी वीस वर्षांत तुम्हाला इतकी झोप लागली नाही, म्हणजे हवापालट मानवला म्हणायचा. म्हणून हे पत्र. तुमचे थोरले चिरंजीव दर गुरुवारी तुम्हाला भेटायला येतात, त्यांच्या हाती देते. ते वाचणार नाहीत. आपल्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, हे ते लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकले.

बॅग भरून धाकट्याकडे निघताना जिन्यात उभं राहून तुम्ही जे बोललात, ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं. "घरात आल्यागेल्याला कधी 'बसा' म्हणाली नाही, आणि आता पगार घेऊन परक्यांना 'या, बसा' म्हणणार!" शेजारीण अजून हसते. तेव्हा मलाही हसू येत होतं, पण ओठ दाबून धरले. हसले असते तर तुम्ही धाकट्याकडे न जाता थेट हिमालयात गेला असता.

मी नोकरी सोडणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. महिनाभरात पाय धरून घरी बसेल, असं तुम्ही म्हणाला होतात. दुसरा महिना चालू आहे. पाय धरलेत हे खरं. घरी मात्र बसले नाही.

दुकान तुम्ही पाहिलेलं नाही, कारण रागाच्या भरात तुम्ही तो रस्ताच टाकलात. तर ऐका. खाली वाणसामान, मधल्या मजल्यावर कपडे, आणि त्याच्या वर आम्ही, फर्निचरवाले. आमच्या डोक्यावर फक्त साहेबांचं ऑफिस. वर आलं की खोल्याच खोल्या. बैठकीची, झोपायची, मुलांच्या अभ्यासाची. सगळ्या तीन भिंतींच्या. टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकं आतून पोकळ, नळाला पाणी नाही. तरी माणसं आत शिरताना चपला काढतात हो! आवाज लहान करतात. एक नवराबायको दर रविवारी येतात, कोपऱ्यातल्या खोलीत सोफ्यावर बसतात, घेत काहीच नाहीत. निघताना बाई उशा नीट लावून जाते. परवा दुसरंच एक कुटुंब तिथे बसलेलं दिसलं, तर ह्या दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. आपल्या घरात न विचारता कोण घुसलं, असा भाव.

आणि बाहेर पडायचा रस्ता एकच. जमिनीवर बाण काढलेत, त्या बाणांनीच चालायचं. दिव्याचा बल्ब घ्यायला आलेला माणूस पलंग, कपाटं, गाद्या, पडदे ह्या सगळ्यांचं दर्शन घेतल्याशिवाय बल्बापर्यंत पोचत नाही. पोचतो तेव्हा त्याच्या काखेत दोन उशा असतात. बल्ब विसरून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

खुर्चीच्या किमतीची चिठ्ठी कुठे असते सांगा बघू? हाताच्या आतल्या बाजूला, अगदी खाली. उभ्या माणसाला ती दिसत नाही. बसावं लागतं, मग हात खाली जातो, मग किंमत कळते. हे मुद्दाम आहे. पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं, बसलेलं गिऱ्हाईक निम्मं आपलं. लोक कापड चाचपल्यासारखं करतात, पण बोटं चिठ्ठी शोधत असतात. सापडली की काहीजण बसल्या जागीच ताठ होतात. पण एकदा बूड टेकलं की लगेच उठायची लाज वाटते माणसाला. ह्या लाजेवर आमचा निम्मा धंदा चालतो.

आता गंमत अशी, की ह्या मजल्यावर शेकड्यांनी खुर्च्या आहेत आणि आम्हा काम करणाऱ्या बायकांना बसायला एक नाही. जेवणाची सुट्टी सोडली तर आल्यापासून जाईपर्यंत उभं. बसलेली बाई आळशी दिसते, असं वरच्यांचं म्हणणं.

तुम्ही लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी जन्म काढलात. उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण दुसऱ्या कुणाला सांगू? तुमच्या चिरंजिवांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग बस की."

तुमची थोरली सून


११ मार्च, मंगळवार

सासूबाई,

पत्र पोचलं, तुम्ही ते वाचलंत, घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलंत आणि "चहा घेणार का" म्हणालात, एवढी बातमी मिळाली. फाडलं नाहीत. म्हणून पुढे लिहिते.

आज आमच्या काउंटरवालीबद्दल सांगायचं आहे. आमच्या मजल्यावर बिलं करते ती पोरगी. सगळे तिला काउंटरवालीच म्हणतात. सातवा महिना आहे. पाय असे सुजलेत, की बुटाची नाडी बांधतच नाही, नुसती आत खोचते. नवरा कामासाठी दूरगावी, सासर-माहेर दोन्ही लांब. सुट्टी अगदी शेवटी मिळणार. त्याआधी घरी बसली तर जागा गेली.

गेल्या आठवड्यात ती एका गिऱ्हाइकाला पिशवी देता देता मागच्या भिंतीला टेकली आणि टेकल्या टेकल्या खाली घसरली. बेशुद्ध नाही पडली. पायांनीच जबाब दिला. काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाईक वाकून बघतं आणि काय म्हणावं त्याने? "अहो, माझी पिशवी!" अस्सा राग आला मला! मी तिला उठवलं, पाणी दिलं आणि तशीच सुपरवायझरकडे गेले.

हा आमचा सुपरवायझर तिशीतला आहे. त्याच्या कानात सदान्कदा एक यंत्र असतं आणि वरचे साहेब त्यातून त्याला सांगत असतात, म्हणून आम्ही त्याला कानवाला म्हणतो. पोरगा वाईट नाही. पण त्याचं स्वतःचं मत विचारलं की तो कानाला हात लावतो.

मी म्हटलं, "काउंटरला एक स्टूल द्या. ती पोटुशी आहे, दिसत नाही का?"

"ताई, नियम सगळ्यांना सारखा."

"पोट सगळ्यांना सारखं आहे का?"

तो लाजला बिचारा. म्हणाला, "स्टाफने बसायचं नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकाला खुर्ची बसून दाखवायची असेल, तर फक्त दाखवण्यापुरतं बसायचं."

हे तो सहज बोलून गेला. मी मात्र त्याचा शब्द उचलला. दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला मी बसून दाखवायला लागले. "पाठ कशी टेकते बघा हं," म्हणत टेकायचं. "हात कुठे येतात बघा," म्हणत हात सोडायचे. नुसतं जिन्याची वाट विचारायला आलेल्या माणसालासुद्धा मी दोन खुर्च्या बसून दाखवल्या. बघता बघता सगळ्या बायका दाखवायला लागल्या. माझी एक मैत्रीण गाद्यांच्या विभागात आहे, गादीवाली. ती तर आडवी होऊनच दाखवायला लागली. एका आजोबांना तिने इतकं मन लावून झोपून दाखवलं, की डोळाच लागला तिचा. आजोबा चवड्यांवर चालत निघून गेले आणि संध्याकाळी मुलाला घेऊन आले. म्हणाले, मला तीच गादी हवी.

कानवाला अडवणार कसा? नियम त्यानेच सांगितलेला.

पण काउंटरवाली कुणाला काय बसून दाखवणार? तिच्यापाशी मशीन आणि पिशव्या. आम्ही बसतो आणि ती लांबून बघते. हसते, वर "ताई, मस्त चाललंय तुमचं" म्हणते. आजच सांगून ठेवते, त्या पोरीला बसायला मिळेपर्यंत मी ही गोष्ट सोडायची नाही. तुम्ही मला हट्टी म्हणता ना? ह्या वेळी खुशाल म्हणा.

तुमची थोरली सून


१८ मार्च, मंगळवार

सासूबाई,

झालं असं, की आमच्या मजल्याची विक्री वाढली. खूपच वाढली. वरचे साहेब कधी खाली उतरत नाहीत, ते उतरले.

का वाढली, ते मला त्यांच्या आधी कळलं होतं. सकाळपासून उभी असलेली बाई खुर्चीत टेकते, तेव्हा तिच्या तोंडून जो "हुश्श" निघतो, तो कुठल्या जाहिरातीतल्या नटीला जमायचा नाही. बघणाऱ्याला वाटतं, हे मला हवं. खुर्ची घेऊन घरी जातो. पण तो कुठे सकाळपासून उभा असतो? घरी बसून बघतो तर हुश्श काही येत नाही. मग त्याला वाटतं, खुर्चीच चुकली, ह्याहून चांगली बघायला हवी. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर! मी एकाच बाईंना दोन खुर्च्या विकल्यात. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही बसता तेव्हा जशी दिसते तशी आमच्याकडे दिसत नाही हो." मी काय सांगणार त्यांना? दिवसभर उभ्या राहून बघा, असं?

तर साहेबांनी मला वर बोलावलं. चहा दिला. नवीन आरामखुर्ची आली आहे, पाय वर करून बसायची. ती मजल्याच्या मध्यावर चौथरा करून मांडायची आणि तिच्यात मी बसायचं. दिवसभर. वर पाटी लावायची, "या, बसून बघा." पगारही थोडा वाढेल म्हणाले. चौथऱ्याचं तोंड बिलाच्या रांगेकडे. रांगेत ताटकळलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाय पसरून बसलेली बाई ठेवायची, म्हणजे बिल होता होता तो खुर्चीही सांगतो. डोकं चालतं हो त्यांचं!

मी म्हटलं, "बसते. पण काउंटरला स्टूल द्या."

साहेब म्हणाले, "बघू."

मी बसले. कालपासून बसते आहे. तुम्ही आत्ता कपाळाला हात लावला असेल. शब्द घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, हे तुम्ही मला हज्जारदा बजावलंय. पण खरं सांगते, ती खुर्ची समोर होती, पोटऱ्या ठणकत होत्या, आणि "बघू" मला त्या क्षणी "हो"सारखं ऐकू आलं.

तुमची थोरली सून


२५ मार्च, मंगळवार

सासूबाई,

निरोप मिळाला. "बसायला मिळालं ना? मग आता गप बस म्हणावं तिला." चिरंजिवांनी शब्दन् शब्द सांगितला आणि वर "मी काही बोललो नाही हं" असंही सांगितलं. तीन पत्रांना मिळून एवढंच उत्तर. असू दे. माझ्या जिवाला बरं वाटलं.

पण गप काही बसवत नाही.

बसून बसून माणूस इतकं दमतं, हे मला माहीत नव्हतं. उठायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, तोंडावर सुख ठेवायचं. गिऱ्हाईक येतं, मला ओलांडून खुर्ची दाबून बघतं आणि चिठ्ठी शोधायला माझ्या कमरेशी हात घालतं. एका बाईने नवऱ्याला विचारलं, "ह्यासुद्धा खुर्चीबरोबर येतात का?" तो म्हणाला, "नको, जागा कुठे आहे आपल्याकडे?" आणि दोघं खो खो हसले. एका चिमुरडीने माझं बोट दाबून बघितलं आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, गरम आहे!"

रांग रोज बघते. आपल्या हातात काय आहे त्यापेक्षा दुसऱ्याच्या ढकलगाडीत काय आहे, इकडेच सगळ्यांचे डोळे. पुढच्याच्या गाडीत एक दिवा दिसला, की मागची बाई नवऱ्याला रांगेत उभं करून तसलाच दिवा आणायला धावते. आणलेल्या वस्तू ठेवायला टोपल्या घेतात आणि टोपल्या ठेवायला कपाट बघून जातात. हसू येतं, आणि मग आठवतं, की मीही पहिल्या पगारातून तीन बरण्या घेतल्या. रिकाम्याच आहेत अजून.

आणि रांगेच्या टोकाला ती. आता तर सरळ समोर. ह्या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून ह्या पायावर. मी पाय पसरून तिच्याकडे बघते आणि ती माझ्याकडे बघायचं टाळते.

सगळ्यात वाईट अजून पुढे आहे. मी बसायला लागल्यावर कानवाल्याने फर्मान काढलं, की एकजण बसून दाखवते आहे तेवढं पुरे, बाकीच्यांनी दाखवायची गरज नाही. म्हणजे बायकांना थोडा वेळ टेकायला मिळत होतं, तेही माझ्या पायी गेलं. गादीवाली येता जाता म्हणते, "काय महाराणी, पाय चेपून देऊ का?" जेवताना माझ्याशेजारची जागा रिकामी राहते. लाज वाटली मला. डबा तसाच परत आणला.

स्टुलाचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघू."

आता माझं ठरलं आहे. रविवारी, तीस तारखेला, मोठी सवलत आहे. दुपारी बाराला गर्दी भरात असते. तेव्हा मी उठणार आहे. ती आरामखुर्ची ओढत नेऊन काउंटरच्या मागे ठेवणार आणि पोरीला तिच्यात बसवणार, सगळ्यांदेखत. चाकं नाहीत, जड आहे. ओढेन. तिला आधी सांगितलेलं नाही, नाहीतर ती मला अडवेल.

नोकरी गेली तर गेली. पण नीट ऐकून ठेवा, मी ती सोडली नाही. ते काढतील. तेव्हा "मी म्हटलंच होतं" असं म्हणायचं नाही.

तुमची थोरली सून


३१ मार्च, सोमवार

आई,

तुम्ही पाठ फिरवून निघालात, म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. आणि आधीचं मला माहीत नव्हतं. दोन्ही सांगते.

बाराला मी उठले. खुर्ची चौथऱ्यावरून खाली घेताना धाडकन आवाज झाला, माणसं वळली. ओढायला लागले तर लोकांनी आपणहून वाट दिली. त्यांना वाटलं, सवलतीचाच काही खेळ आहे. एकाने टाळ्या वाजवल्या, एकाने जाता जाता किंमत विचारली. मी घामाघूम. काउंटरच्या मागे खुर्ची नेऊन टेकवली आणि म्हटलं, "बस गं पोरी."

कानवाला धावत आला. मी सगळी तयारी करून ठेवली होती, तो मला काय म्हणेल आणि मी त्याला काय म्हणेन. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. तिला म्हणाला, "तू बसलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

तिचा चेहरा तुम्हीही पाहिलात. "ताई, नको ना," म्हणाली आणि खुर्चीपासून लांब सरकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माझी नोकरी पणाला लावायला निघाले होते आणि लावून बसले होते तिची. तिला न विचारता. रिकामी खुर्ची, घाबरलेली पोर आणि मध्ये मी, शहाणी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कानवाल्याने घाम पुसला, म्हणाला, "चला, पुढचं गिऱ्हाईक कोण?"

"मी," असा आवाज आला, आणि बघते तर तुम्ही. हातात लांब दांड्याचा झाडू. माझ्या खुर्चीला लोकांनी जी वाट दिली, त्याच वाटेने मागोमाग चालत तुम्ही सगळी रांग ओलांडून पुढे आला होतात. मला पत्ताच नाही.

पोरीने झाडूचं बिल केलं. आकडा सांगितला. तुम्ही पाकीट काउंटरवर ठेवलंत आणि त्याच्यावर हात ठेवलात.

"बस आधी."

"आजी, पैसे..."

"देते ना. नाही कुठे म्हणते? तू बसलीस की देते."

कानवाला म्हणाला, "आजी, मागे रांग आहे."

"दिसते मला."

"मग बाजूला व्हा, बाकीच्यांचं होऊ द्या."

"का म्हणून? मला झाडू घ्यायचा आहे. ती बसल्याशिवाय मी पैसे देणार नाही आणि झाडूही सोडणार नाही. काय करतोस कर."

तुमच्या मागचा तो गाडी भरभरून आलेला माणूस आठवतो? तो तडकला. "आजी, एक तर मध्ये घुसलात..." तुम्ही म्हणालात, "हो, घुसले. घाई आहे तुम्हाला? मग मला कशाला, त्याला सांगा." त्याने कानवाल्याकडे बघितलं. मग पोरीकडे. ती एका पायावर उभी होती, दुसरा पाय बुटातून काढून. त्याने गाडीवरचे हात सोडले, घडी घातली आणि म्हणाला, "बसवा हो तिला. आम्ही थांबतो."

मागून एक बाई म्हणाली, "आम्हीही थांबतो." मग आणखी कुणी. सवलतीच्या शेवटच्या चादरीची दोन टोकं धरून भांडणारी माणसं आहेत ही, आई. मी रोज बघते त्यांना. ती सगळी हाताची घडी घालून उभी राहिली. रांग वाढत वाढत बाणांच्या उलट्या दिशेने गाद्यांपर्यंत गेली आणि एकही बिल होईना.

कुणीतरी तुम्हाला म्हणालं, "आजी, तोवर तुम्ही तरी टेका त्या खुर्चीत." तुम्ही म्हणालात, "ती माझ्यासाठी नाही आणली."

कानवाला कानाला हात लावून उभा. वरून काही येतंय का ऐकत होता. आलं नाही, की आलं ते त्याला सांगवेना, देव जाणे. शेवटी त्याने ते यंत्र काढलं, खिशात टाकलं आणि पोरीला म्हणाला, "बस."

ती बसली आणि तुम्ही पैसे दिलेत, झाडू उचललात, चालू लागलात. मी "आई!" म्हणून ओरडले. तुम्ही वळला नाहीत.

आता पुढचं. ती आरामखुर्ची इतकी खोल, की पोरगी तिच्यात बुडालीच! काउंटरवरून नुसतं कपाळ दिसत होतं. मशीन वर, ती खाली, हात वर करून चाचपडते आहे. रांगेला हसू फुटलं आणि तिलाही. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गादीवाली चार उशा घेऊन आली, चिठ्ठ्या लोंबत असलेल्या, विक्रीच्याच. एकेक करून तिच्याखाली सारल्या. मग माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "आता तू उभी राहा, महाराणी." दिवसभर बिलं त्या चार उशांवरून झाली. प्रत्येक गिऱ्हाईक आधी वाकून बघायचं, बसली आहे ना, आणि मगच पाकीट काढायचं.

आज सकाळी वर बोलावणं आलं. चहा नव्हता. साहेब म्हणाले, पोटुश्या बायकांना स्टूल देऊ. मी म्हटलं, काउंटरवरच्या सगळ्यांना. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, आत्ताच बघा, मी थांबते. कानवाला शेजारी होता, खाली मान घालून म्हणाला, "सर, सगळ्यांना देऊ या. पुन्हा रांग अडली तर मला आवरणार नाही." तर तिन्ही मजल्यांच्या काउंटरांना स्टुलं येताहेत. दुपारी आमच्याकडे पहिलं आलं. पोरीने त्याच्यावर बसून मला हात केला.

मला नोकरीवरून नाही काढलं. खुर्चीवरून काढलं. वाढवलेला पगारही गेला. पुन्हा मजल्यावर, उभी. आम्हा बाकीच्या बायकांना अजून बसायला नाही, आणि ते मिळेपर्यंत मी रोज विचारणार आहे. त्यांना माझा आवाज पाठ होईल.

आणि हे मला संध्याकाळी कळलं. आमच्या जिन्याशी एक रखवालदार असतो. तो म्हणाला, कालच्या त्या झाडूवाल्या आजी तुमच्या कोण? म्हटलं, सासू. तर म्हणाला, त्या दुकान उघडल्यापासून इथे होत्या. जिन्याच्या कठड्याला धरून, तुमच्या पाठीमागे. तुम्हाला हाक मारू का विचारलं, तर नको म्हणाल्या. म्हटलं, आजी, आत एवढे सोफे आहेत, बसा. तर म्हणाल्या, "मला घ्यायचं नाही काही, फुकट कशाला बसू?"

सकाळपासून, आई! ते गुडघे घेऊन! मी बारा म्हणून लिहिलं होतं ना? तुम्हाला वाटलं असेल, ही घाईची आहे, आधीच उठली तर. मी पाय पसरून त्या खुर्चीत बसले होते आणि तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. मी त्या रखवालदारासमोर ढसाढसा रडले.

आता घरी या म्हणून तुम्ही यायच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलावत नाही. पुढच्या मंगळवारी माझी सुट्टी आहे, मी न्यायला येते आहे. झोपल्यात म्हणून सांगितलं तर उठेपर्यंत, आणि नाही म्हणालात तर हो म्हणेपर्यंत, मी धाकट्या जाऊबाईंच्या दारात उभी राहीन. किती वेळ लागायचा तो लागू दे. मला सवय आहे.

तुमची सून